नावावरचा क्रूस

कबुलीजबाब लिहायला बसून आर्गिरिसला आज चौथा दिवस. व्होलोस बंदरावरचं तंबाखूचं हे गोदाम आता इटालियन सैन्याच्या ताब्यात होतं, वास मात्र जुन्या मालकाचाच. त्या वासाने त्याचं डोकं उठलं होतं. जहाजांच्या बातम्या वायरलेसवरून कोण पाठवतं, एवढंच त्यांना हवं होतं. पाठवत होती त्याची बहीण, इव्हान्थिया. तेवढं एक नाव सोडून तो काय वाटेल ते लिहायला तयार होता.

इटालियनांविरुद्ध लढणाऱ्या त्यांच्या टोळीचा नियम साधा होता. पकडले गेलात, तर फक्त मेलेल्यांची नावं द्यायची. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

काल त्याने झिसिसचं नाव लिहिलं. झिसिसला त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने वाटलेले साखर-मनुका घातलेले उकडलेले गहूही खाल्ले होते. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी पाद्रीबाबांना नावांची यादी देताना मेलेल्यांच्या नावावर छोटा क्रूस काढतात. सवयीने त्याची लेखणी तिथे गेलीच होती, वेळेवर आवरली.

सकाळी कॅप्टन बेल्लुची जांभया देत आला. "तुझा झिसिस सापडला रे. घरीच होता, जाळं विणत बसला होता."

आर्गिरिसला हसू फुटलं. "कशाला थापा मारता, साहेब?"

"थापा मारून मला काय मिळणार? मलाही घरी जायचंय, बाबा. डावा अंगठा नाही ना त्याला?"

हसू मावळलं. अंगठा खरंच नव्हता.

"काही खाईना, पिईना. सिगरेट दिली तर तीही नको. लिहून मात्र मुकाट्याने दिलं."

कॅप्टनने कागद पुढे सरकवला. कागदाला ओल्या मातीचा वास येत होता. अक्षर झिसिसचंच, डावीकडे कललेलं. खाली तीन नावं.

"आणि तिन्ही नावांवर ह्या फुल्या कसल्या?"

आर्गिरिस नावं वाचू लागला. पहिले दोघे गेल्या हिवाळ्यातच गेले होते. झिसिसनेही नियम पाळला होता.

तिसरं नाव इव्हान्थिया.

चार दिवसांपूर्वी तिने त्याच्या खिशात बळेच पाव कोंबला होता. "खा रे, वाळलास नुसता!"

"तिला आणायला माणसं गेलीत," कॅप्टन म्हणाला. "एव्हाना पोचलीही असतील."

आर्गिरिसने तिच्या नावावर बोट ठेवलं.

क्रूसाची शाई बोटाला लागली. अजून ओली होती.