सिरसाळ्याची थरथर

आधी शिंका आल्या, माणूस मागून आला.

सिरसाळ्यात उन्हाळा म्हणजे लाल मिरचीचे दिवस. मंजुषाच्या कांडपात लोखंडी मुसळांचा दणका चाललेला, अन् हवेत तिखट असं की वाऱ्यानंही डोळे पुसत जावं. दारात एक तरुण रुमालात तोंड लपवून उभा.

"साहेब, आधी शिंकून घ्या. मंग बोला."

"मी सत्यम… भूकंपाच्या — आक्छी! — कचेरीतून."

शाळेमागच्या खोलीत भूकंप टिपायचं यंत्र होतं. बीडला पडद्यासमोर बसून सत्यम देशभरची थरथर बघायचा. कधी आसामात जमीन हलायची, कधी कच्छात. सिरसाळ्यात मात्र रोज!

"आणि लाइट गेली की हा भूकंप थांबतो," तो म्हणाला.

मंजुषा खळखळून हसली. "म्हंजी मीच जमीन हालवते?"

"तुम्हीच…" तो बघतच राहिला. मग कान लाल झाले. "तिखटानं," तो म्हणाला. तिनं विचारलंही नव्हतं.

मग तो येतच राहिला. कधी यंत्राची वायर बघायला, कधी नुसताच. "आज कुठं हाललं?" ती विचारायची.

"हिमाचलात. हलकंच. कुणाला कळलंही नाही."

"कळलंच न्हाई, तर त्यो भूकंप कसला?"

"काही धक्के… आतल्या आत असतात." अन् तो आपल्या चपलांकडं बघायचा.

एक दिवस तो उतरल्या तोंडानं आला. "यंत्र तलवाड्याला न्यायचंय. कांडपाच्या दणक्यात खरा धक्का कळत नाही."

यंत्र गेलं की साहेबही गेले. दुसऱ्या दिवशी मंजुषानं बटण दाबलंच नाही. बाया मिरचीची गाठोडी घेऊन माघारी गेल्या.

"ऐन दिवसांत कांडप बंद? येडी झालीस काय?" आई करवादली.

"पट्टा तुटलाय," ती खोटंच बोलली.

तिसऱ्या दिवशी सत्यम धापा टाकत दारात. "पडद्यावरची रेषा सरळ झाली! बरं नाही का तुम्हाला?"

"बरी हाय की."

"मग कांडप बंद… कावून?"

त्याच्या तोंडी आपल्या गावचा 'कावून' ऐकून तिला हसू फुटलं. "आता यंत्राला तरास न्हाई. ऱ्हाऊ द्या इथंच."

"सगळा देश सोडून मी सिरसाळ्याचीच रेषा बघत बसलो होतो. कांडप सुरू करा. यंत्र जाऊ द्या."

"अन्… तुमी?"

"साहेब म्हणून यायला कारण उरणार नाही. पाहुणा म्हणून आलो, तर?"

लग्नाच्या पोरीच्या घरी पाहुणे कशाला येतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंजुषानं लाजून ओढणी तोंडाशी धरली अन् दुसऱ्या हातानं बटण दाबलं. मुसळं दणाणली. ती हळूच काहीतरी बोलली.

"काय?" तो ओरडला.

"एकटे पाव्हणे येत न्हाईत म्हणलं! आई-वडलांना घिऊन या!"

कोपऱ्यात आईच्या हातातली चाळणी थांबली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ऐतवारी या म्हणावं," आई म्हणाली.