हातोबाची राखीव पकड

खडकाच्या खोल कपारीत कासवाचं पिल्लू अडकलं होतं, जुन्या जाळ्याच्या तुकड्यात पार गुरफटलेलं. भरतीचं पाणी चढत होतं. उर्मीचा हात आत पोचेना. हातोबाचा पोचत होता. पण हातोबा पडला किनाऱ्यावरचे ओंडके हटवणारा यंत्रमानव. त्याच्या चिमटीत पिल्लाचा चुराडा झाला असता.

“पकड सैल कर ना रे!” उर्मीनं मनगटावरच्या पडद्यावर भराभर आज्ञा लिहिली.

“माफ कर, उर्मी. बाहेरची आज्ञा माझी पकड बदलू शकत नाही.”

“आबा, हा ऐकतच नाही!” उर्मी रडकुंडीला आली.

हातोबाला घडवणारे तिचे आबा गुडघे सांभाळत खडकावर टेकले. “ऐकणार कसा? पकड मीच प्रोटेक्टेड (राखीव) ठेवलीय. हातोबाच्या क्लासला (म्हणजे तो ज्यावरून बनला त्या आराखड्याला) आणि त्यातून निघालेल्या आराखड्यांनाच ती बदलता येते.”

“मग सगळ्यांना खुली करा!”

“आणि उद्या त्यानं तुझा हात धरलेला असताना कुणी गंमत म्हणून पकड आवळली तर?”

उर्मीनं पडद्यावरची आज्ञा पुसली.

“आपण आतून जाऊ,” आबा म्हणाले. “एक मिक्सिन (कौशल्याचं छोटंसं पुडकं) लिही. ते क्लासमध्ये मिसळलं की नवा क्लास तयार होतो. तो घरचाच, म्हणून राखीव गोष्टही त्याला वापरता येते.”

उर्मीनं ‘हळुवारपणा’ नावाचं मिक्सिन लिहिलं. पडद्यावर लाल रेघ उमटली: ‘पकड? कुणाची पकड?’

“बरोबरच आहे,” आबा म्हणाले. “हे मिक्सिन तू पंख्यालाही जोडशील. पंख्याला कुठली आलीय पकड? कुणात मिसळायचं ते आधी सांग.”

उर्मीनं अट घातली: फक्त हातोबाच्या क्लासमध्ये, नाहीतर त्याच्या वंशातल्या क्लासमध्ये मिसळावं. लाल रेघ गेली. हळुवारपणा मिसळलेल्या नव्या आराखड्यानिशी हातोबा पुन्हा सुरू झाला.

त्याचा लांब हात कपारीत शिरला. पाणी उर्मीच्या गुडघ्यांना लागलं. ती वाकून कपारीत डोकावली.

हात बाहेर आला तेव्हा पिल्लू पाय वल्हवत होतं! आबांनी जाळं कापलं. लाटेनं पिल्लाला अलगद आपल्यात घेतलं.

“आबा, बाळांना न्हाऊ घालणारा यंत्रमानव हातोबाच्याच क्लासमधून बनवला, तर त्यातही हळुवारपणा मिसळेल?”

“मिसळेल की!” आबांनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. “पण तो आराखडा तू काढायचास. मी नुसता शेजारी बसेन.”