सतराने भाग गेला

"जरा थांबा, मी एकाहत्तराव्या अंकावर आहे," तो मान वर न करता म्हणाला.

ती थांबली. मामाच्या छापखान्यात तिला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. हा नवा मुद्रितशोधक एका लांबलचक संख्येवरून बोट सरकवत होता.

"एवढी मोठी संख्या लिहिणाऱ्याला दुसरा उद्योग नसणार," तो पुटपुटला.

"नाहीच आहे. मी गणित शिकवते… आणि ते पुस्तक माझंच आहे."

तो दचकून उभा राहिला. बोट मात्र अंकावरच होतं. तिला ते बोट फार आवडलं. माणसाचं मन कशावर बसेल, याला काही शास्त्र नाही.

पुढचे दोन महिने, 'एक स्वल्पविराम पाहून जाता का?' असा त्याचा फोन यायचा. ती दोन बस बदलून स्वल्पविराम पाहायला यायची. स्वल्पविराम दर वेळी ठणठणीत असायचा. दोघं त्याच्याकडे बराच वेळ गंभीरपणे पाहत बसायची.

मग शेवटची सोळा पानं उरली. ती छापायला जायच्या दिवशी सकाळीच फोन आला.

"चूक आहे. या वेळी खरोखरची."

"हो का?" ती हसतच आली.

त्याने पान पुढे केलं. तिने लिहिलं होतं : ३१, ३३१, ३३३१… असे तीन वाढवत जा, शेवटी एक ठेवा, प्रत्येक संख्या मूळ निघेल. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणीच तिला पूर्ण भागणार नाही.

"३३३३३३३३१," तो म्हणाला. "आठ तीन. दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचने नाही… सतराने गेला."

"प्रुफं वाचणाऱ्याने भाग कशाला द्यायचा?"

"तुमचं शेवटचं पान होतं… संपवावंसं वाटेना."

तिने समासातच भागाकार मांडला. १,९६,०७,८४३. बाकी शून्य. तिचे कान लाल झाले.

"सात तपासल्या होत्या मी. साती मूळ निघाल्या. आठवी… गृहीत धरली. आणि वर्गात मुलांवर ओरडते, तपासल्याशिवाय लिहू नका म्हणून!" ती आत वळून ओरडली, "मामा, मशीन थांबव!"

"आता काय, पूर्णविराम?" आतून मामाचा आवाज आला.

तो कागद सारखे करत राहिला. ते आधीच सारखे होते.

"मीही एक गृहीत धरलंय," तो हळूच म्हणाला. "पुस्तक छापून झालं की तुम्ही यायच्या बंद होणार."

"तपासलंत?"

"नाही… भीती वाटते."

"मग तपासा की."

"उद्या… काही चूक नसताना याल?"

"येईन."

"आणि परवा?"

"परवाचं उद्या विचारा," ती म्हणाली. "रोज विचारायचं. गृहीत धरलेलं मला चालत नाही… आजपासून."