होडी पाणी पिते ती रात्र

कंपाउंडर त्या रात्री घरातून निघाला तो अगदी साध्या कामाला. चहाचा थर्मास, एक घोंगडी, टॉर्च आणि तेलाचा रिकामा कॅन तिरका कापून केलेलं उपसणं, एवढं सामान. होडीत जाऊन बसायचं, सकाळपर्यंत पाणी उपसायचं आणि घरी यायचं. बस.

तो दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. हं.

हा कंपाउंडर माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. तरुणपणी एका डॉक्टरांकडे पुड्या बांधायचा. पुढे औषधांचं स्वतःचं दुकान टाकलं, डोक्याचा कापूस झाला, तरी लोकांच्या तोंडी नाव कंपाउंडरच. थापा मारणाऱ्यांतला नव्हे. खोकल्याचं औषध देतानाही 'बरं वाटेल' असं छातीठोक सांगायचा नाही, 'बघा घेऊन' म्हणायचा. त्यानं मला हे दुकानाचं शटर अर्धं ओढून, आत बसून सांगितलं. तुम्ही खरं माना नाहीतर मानू नका. फक्त मधे बोलू नका.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेलेली. चंद्राची कोर संध्याकाळीच बुडाली होती, त्यामुळे काळोख असा की स्वतःचा हात दिसेना.

होडी त्याच दुपारी पाण्यात उतरवली होती. शिडाची होडी, लाकडी, कंपाउंडरच्या वडिलांनी हौसेनं बांधून घेतलेली. दोघं भाऊ त्याच होडीत वाढले. कंपाउंडरला होडी आवडायची, पण धाकट्याचा तिच्यात जीव अडकलेला. दरवर्षी तिला रोगण लावताना जेवणाची शुद्ध नसायची त्याला. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त." तो म्हणायचा, "ती उलटून बोलत नाही ना."

एका रविवारी दोघं निघणार होते. शीड चढवलेलं. तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. पोराला ताप चढलाय, दुकान उघडा. कंपाउंडर उतरला. धाकटा म्हणाला, "दादा, तू जा. मी एक फेरी मारून येतो."

त्या पोराचा ताप उतरला. धाकटा आला नाही.

होडी दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी सापडली. रिकामी. चार माणसांनी आठ-दहा दिवस शोध घेतला. काही मिळालं नाही. चप्पलसुद्धा नाही. कंपाउंडरनं होडी ओढून आणली, गोदामात उपडी घातली आणि कुलूप ठोकलं. किल्ली कुठं ठेवली ते बायकोलाही सांगितलं नाही. त्याची भावजय त्या दिवसानंतर धक्क्याकडे फिरकली नाही. खाडीकडची खिडकी बंद केली ती केलीच. लोक म्हणायचे, आता मनाला समजाव. ती ऐकून घ्यायची. पण रात्री दाराला आतून कडी लावायची नाही. वर्षानुवर्षं.

धाकट्याची मुलगी तेव्हा अक्षरं गिरवायच्या वयाची. ती वाढली, शिकली, नोकरीला लागली. एक दिवस दुकानात आली आणि काकासमोर उभी राहिली.

"काका, गोदामाची किल्ली द्या."

"कशाला?"

"होडी दुरुस्त करायचीय."

"नको ते खूळ, बाळा."

"मला बाबांचा चेहरा आठवत नाही, काका. फोटोतला आठवतो. खरा नाही. त्यांनी जीव लावलेली एकच गोष्ट उरलीय, आणि ती तुम्ही कुलपात ठेवलीय."

कंपाउंडर खाली वाकला. मग गल्ल्याच्या खालून किल्ली काढून दिली. इतकी वर्षं ती तिथंच होती, रोज त्याच्या पायाशी.

दोन वर्षं लागली. होड्या बांधणारा एक म्हातारा मिस्त्री गाठला. त्यानं होडी ठोकून पाहिली आणि म्हणाला, "कणा चांगलाय. बाकी सगळं रामभरोसे." कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या घातल्या. फटींमध्ये कापूस ठोकला, वर राळ भरली. सुट्टीच्या दिवशी पुतणी सकाळी गोदामात शिरायची आणि संध्याकाळी भुशानं पांढरी होऊन बाहेर पडायची. दुकान बंद करून काका यायचा. बोलणं थोडं, घासणं फार. एकदा तिनं विचारलं, "बाबा हसायचे कसे?" कंपाउंडरनं सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हातातला काचकागद फळीवर घासत राहिला.

होडी उतरवली तेव्हा धक्क्यावर तीस-चाळीस माणसं जमली. टाळ्या पडल्या. भावजय आली नाही. पुतणी शीड बघून हसत होती आणि रडतही होती, आणि तासाभरात होडीच्या तळाला घोटाभर पाणी.

लोक चपापले. मिस्त्री म्हणाला, "घाबरू नका. सुकलेलं लाकूड आहे, आज रात्रभर पाणी पिणार. फुगलं की फटी आपोआप बंद होतील. उद्या सकाळी कोरडी ठणठणीत. मात्र तोवर कुणीतरी उपसत राहायला हवं. झोप लागली तर सकाळी नुसती डोलकाठी दिसेल."

पुतणी म्हणाली, "मी बसते." कंपाउंडर म्हणाला, "दोन रात्री तुझा डोळा लागलेला नाही. घरी जा. मी बसतो."

"काका, तुमचं वय..."

"वय पाणी उपसत नाही. हात उपसतात. जा."

आणि खरं सांगायचं तर त्याला एकट्यालाच बसायचं होतं.

तर असा तो आला. मिस्त्रीनं बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावून दिला होता. दहापर्यंत पंप घरघरत होता. कंपाउंडर मागच्या फळीवर घोंगडी पांघरून बसला. चहा प्याला. धक्क्यावर चिटपाखरू नाही. मग पंपानं एक आचका दिला आणि बंद पडला. बॅटरी उतरली होती.

ठीक आहे, म्हणाला. कॅन उचलला. उपसायला लागला.

तासभर चाललं. दीड तास. पाणी जेवढं काढावं तेवढं आत. खांदे भरून आले. बोटं गारठली. फोन करावा का, असं दोनदा मनात आलं. पोर धावत येईल हे माहीत होतं, म्हणूनच केला नाही. टॉर्च फळीवर ठेवला होता, तो होडी हलल्यावर घसरला, पाण्यात पडला आणि विझला. आता काळोखच काळोख. तो अंदाजानं उपसत राहिला.

मग म्हणाला, दोन मिनिटं पाठ टेकतो. फक्त दोन.

दोन मिनिटं म्हणणारा माणूस किती झोपतो, ते तुम्हाला माहीत आहे.

जाग आली ती दचकूनच. पहिला विचार... बुडाली. पाय खाली सोडले. पाणी गुडघ्यापर्यंत असायला हवं होतं.

पाणी घोट्याच्याही खाली होतं.

त्याला कळेना. आणि मग ऐकू आलं.

खळ्... छप्.

खळ्... छप्.

पाणी उपसून बाहेर टाकल्याचा आवाज. शेजारच्या होडीतून येत असेल, असं आधी वाटलं. पण शेजारी होडी नव्हती. आवाज याच होडीतून येत होता. पुढच्या टोकाकडून. सात-आठ हातांवरून.

"कोण आहे?"

खळ्... छप्.

"बाळा, तू आलीस का गं?"

आवाज थांबला नाही.

कॅन त्याच्याच मांडीवर होता. होडीत दुसरं भांडं नव्हतं. त्यानं कान दिला. डब्याचा आवाज वेगळा असतो. हा डब्याचा नव्हता. मऊ होता.

ओंजळीचा होता.

कुणीतरी ओंजळीनं पाणी उपसत होतं.

कंपाउंडर मला म्हणाला, "तुला वाटेल मी किंचाळलो असेन. तोंडच उघडेना रे. धक्का दोन हातांवर होता. उडी मारता आली असती. पाय उचलेनात."

किती वेळ तो तसा बसला, त्याला माहीत नाही. पुढचा आवाज चालूच. न थकता. एका लयीत. आणि ऐकता ऐकता भीतीच्या तळाशी काहीतरी हललं. लहानपणी होडीत पाणी आलं की दोघं भाऊ असेच बसायचे. थोरला मागं, धाकटा पुढं. थोरल्याकडे भांडं असायचं. धाकट्याला कधीच मिळायचं नाही.

त्यानं काळोखात विचारलं.

"...थंडी वाजते का रे?"

लय एकदा चुकली. फक्त एकदा. मग पुन्हा सुरू.

कंपाउंडरनं कॅन उचलला. वाकला. उपसायला लागला. मागून हा, पुढून तो. खळ्, छप्. खळ्, छप्. कुणी कुणाला दिसत नव्हतं.

आणि उपसता उपसता तो बोलायला लागला. आई गेली, असं सांगितलं. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती म्हणाला. पोरगी मोठी झाली. तुझ्यासारखी हट्टी. तिनंच ही होडी उभी केली, स्वतःच्या हातांनी, मी नुसता घासायला होतो. बायको तुझी... दाराला अजून कडी लावत नाही.

पुढून फक्त पाणी.

शेवटी जे इतकी वर्षं कुणापाशी बोलला नव्हता, ते बोलला.

"त्या दिवशी मी आलो असतो तर..."

आवाज थांबला.

...

नुसतं खाडीचं पाणी, होडीच्या कडेला.

...

"रागावलास?"

...

कंपाउंडरचे दोन्ही हात पाण्यात.

मग खळ्... छप्.

त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकला. आता उपसायला फारसं उरलंही नव्हतं. कॅन तळाला खरवडत होता. फटी बंद होत आल्या होत्या. पुढचा आवाजही हळू झाला. ओंजळीत येईल एवढं पाणीच राहिलं नव्हतं.

कंपाउंडरला ते समजलं. एकदम समजलं. तो घाईनं म्हणाला, "घरी चल. ऐकतोस ना? एकदा घरी चल. फक्त तिला भेट..."

होडीचं पुढचं टोक वर उचललं गेलं. सावकाश. माणूस होडीतून उतरला की उचललं जातं, तसं.

धक्क्यावर पाऊल वाजलं नाही. पाण्यातही काही पडलं नाही.

तो सकाळपर्यंत बसून राहिला.

उजाडल्यावर पुतणी धावत आली, मागून मिस्त्री. होडी कोरडी ठणठणीत. मिस्त्रीनं बंद पडलेला पंप पाहिला, मग कंपाउंडरकडे पाहिलं. "सगळं हातानं उपसलंत? एकट्यानं?" कंपाउंडरनं कॅन खाली ठेवला. त्याचे ओठ निळे पडले होते. पुतणीनं त्याला कवटाळलं, रागावली, घोंगडीत गुंडाळलं.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "ताई आल्या."

धक्क्यावर भावजय उभी होती. केस तसेच, पायात घरातल्या सपाता. इतक्या वर्षांनी. कुणी बोलावलं नव्हतं.

"आई, तू?" पुतणी म्हणाली.

तिनं लेकीकडे पाहिलंच नाही. कंपाउंडरकडे बघत म्हणाली, "भाऊजी, पहाटे दार आपणहून उघडलं. मी उठून बाहेर आले. कुणी नव्हतं."

कंपाउंडरनं मान खाली घातली. ती पुढे झाली. होडीत उतरली, कुणाचा हात न धरता, आणि थेट पुढच्या फळीपाशी गेली.

सगळी होडी वाळली होती. त्या फळीवर मात्र एक ओला डाग होता. एका माणसाच्या बसण्याएवढा.

तिनं त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग शेजारी बसली आणि लेकीला म्हणाली, "शीड चढव."

त्या दिवशी ती तिघं खाडीत फिरून आली. भावजय मधे एकदा रडली. मोकळं, आवाज करून, मेलेल्या माणसासाठी रडतात तसं. त्या रात्री तिनं दाराला कडी लावली.

डाग गेला नाही. उन्हाळा गेला, डाग तसाच. मिस्त्री म्हणाला लाकडात खोट आहे, आणि ती फळी काढून नवी घातली. आठवड्यात नवीवरही तिथंच, तेवढाच. मिस्त्रीनं मग पुन्हा विषय काढला नाही.

मी गेलोय त्या होडीत. कंपाउंडरनंच नेलं होतं. मागं हिवाळ्यात, सकाळी सकाळी, धुकं होतं, कडेच्या लाकडाला हात लावला तरी झिणझिण्या येत होत्या. मी त्या ओलीवर बोट ठेवलं.

ओल गार नव्हती.

कोमट होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.