फुली मार, पोरी

आधीच सांगून ठेवतो, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली.

आणि आत्याला खोटं बोलता येत नाही. पाहुणे रेंगाळले, तर "आता निघा, मला झोप येतेय" असं तोंडावर सांगणारी बाई ती. ती कशाला कथा रचेल?

दिवस मंगळवारचा. वेळ दुपारी बाराची, चांगलं लख्ख ऊन पडलेलं.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी गरम जेवण देणारा एक हॉल आहे. लांब टेबलं, चाळीसेक खुर्च्या, मागे स्वयंपाकघर. आत्या तिथे वाढायची. हजेरीची वहीही तिच्याच हातात.

त्या वहीचा नियम साधा होता. आला त्याच्या नावापुढे टिक. नाही आला त्याच्या नावापुढे फुली.

फुली पडली की दोनच्या आत हॉलचा गाडीवाला त्या माणसाच्या घरी जाऊन यायचा. एकटं माणूस, पडलं-झडलं तर कळणार कोणाला? जेवण तर होतंच, पण खरं काम ते होतं.

चौथ्या टेबलावर, खिडकीशी, घड्याळकाका बसायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून हे नाव. बारा दहाला येणार, खुर्ची कर्रकन ओढणार आणि म्हणणार, "पोरी, आज मीठ घातलंय की विसरलीस?" पोरी म्हणजे आत्या. वय वर्षं त्रेपन्न.

त्या मंगळवारी ती वाढत वाढत चौथ्या टेबलाशी आली, तर काका बसलेले.

खुर्चीचा आवाज...

आलाच नव्हता.

तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण चाळीस ताटं हातावेगळी करायची असताना कोण विचार करत बसतं?

"काय काका, आज गुपचूप?"

काकांनी वर पाहिलं. केस ओले होते. अंगात नुसता बनियन. इतका टापटिपीचा माणूस, शर्टाशिवाय कधी दारात उभा राहायचा नाही.

"अंघोळ अर्धी टाकून आलात की काय? एवढी भूक?"

काका हसले नाहीत.

"पोरी, माझ्या नावापुढे फुली मार."

"काय?"

"मी आलो नाहीये. फुली मार."

आत्या खो-खो हसली. काकांची थट्टा नेहमी अशीच, चेहरा सरळ ठेवून केलेली. "समोर बसलात आणि आलो नाही म्हणता! शुभ बोला हो जरा!" तिने त्यांच्यासमोरच वही उघडली आणि ठसठशीत टिक मारली.

काका त्या खुणेकडे बघत राहिले.

मग तिला आवाज ऐकू आला...

टप्. टप्. टप्.

नळ उघडा राहिला असेल म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. सगळे नळ घट्ट बंद होते. हात लावून पाहिले तिने.

परत आली, तर खुर्ची रिकामी. ताट जसंच्या तसं भरलेलं. शेजारच्या ताटांतून वाफ निघत होती. काकांचं अन्न मात्र गार दगड.

'रुसले वाटतं,' म्हणत तिने ताट उचललं.

बुधवारी काका पुन्हा आले. पुन्हा आवाज नाही. तोच बनियन, तेच ओले केस. ओठ काळेनिळे पडलेले.

"बरं नाही का काका? डॉक्टरकडे जाऊन या बरं."

"फुली मार, पोरी." आवाज अगदी खोल गेला होता. "पाया पडतो तुझ्या."

आता मात्र आत्या वैतागली. थट्टेलाही काही सुमार असतो. पलीकडे दोघी आज्जी भाजीसाठी हाका मारत होत्या. "काका, खोटं लिहायला लावू नका हो मला!" म्हणत तिने टिक मारली आणि पुढे गेली.

खोटं लिहायचं नाही म्हणून मारलेली टिक. तिच्याइतकी खरी वही अख्ख्या गावात कोणी ठेवली नसेल.

गुरुवारी खुर्ची रिकामी राहिली. साडेबारा वाजले तरी काका नाहीत.

आत्याने फुली मारली.

गाडीवाला गेला आणि वीस मिनिटांत त्याचा फोन आला. "ताई, दार उघडत नाहीयेत. आतून पाण्याचा आवाज येतोय... आणि मंगळवारपासूनचे पेपर दारातच पडलेत."

आत्या तशीच धावली. पोलिसांनी दार तोडलं.

काका बाथरूममध्ये होते. अंगात बनियन. खुब्याचं हाड मोडलेलं. वरचा नळ ठिबकत होता, थेट डोक्यावर.

टप्. टप्. टप्.

डॉक्टर म्हणाले, मंगळवारी सकाळीच पडले असणार. "पण गेले ते काल संध्याकाळी. म्हणजे दीड दिवस जिवंत होते हो. कोणी नुसतं बघायला आलं असतं, तरी वाचले असते."



दुसऱ्या दिवशी तिने काकांच्या शेजारी बसणाऱ्या शिलाईवाल्या आज्जींना विचारलं, "मंगळवारी, बुधवारी काका आले होते ना हो?"

आज्जींनी तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "नाही गं. दोन्ही दिवस रिकाम्या खुर्चीपुढे ताट ठेवून तू एकटीच बोलत होतीस. मला वाटलं, ते यायचेत म्हणून तू जागा धरून ठेवलीयेस."

भुतं मेल्यावर येतात, हे आपण सगळे ऐकून आहोत. काका जिवंत होते तोवरच आले. गेले, आणि यायचे थांबले.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. विचारायचं तरी कोणाला?

आत्याने हॉल सोडला. ती या विषयावर बोलत नाही. पण गेल्या महिन्यात माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा भाजी निवडता निवडता मध्येच थांबली.

"एक सांगायचं राहिलंय रे. कोणालाच नाही सांगितलं."

मी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"बुधवारी त्यांचं ताट उचलायला गेले ना, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. ओला हात होता. म्हणाले, 'घरी चल.'"

"मग?"

"मी म्हटलं, एवढी भांडी आवरते आणि येतेच." ती हातातल्या जुडीकडे बघत होती. "आपण म्हणतो ना, तसं म्हटलं. मग घरी गेले आणि झोपले. छान झोप लागली रे मला त्या दुपारी."

ती परत भाजी निवडायला लागली. मी तिथून उठलो.

माझी आई दुसऱ्या गावात एकटी असते. रोज सकाळी तिचा फोन येतो. "बरी आहे रे मी, तू तुझं काम कर." पूर्वी हे ऐकलं की मी निर्धास्त व्हायचो.

काल फोनवर तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. तरी फोन ठेवल्यावर मी शेजारच्या काकूंना फोन केला. म्हटलं, जरा जाऊन तिला हात लावून बघा.