तळघरात कोंडलेला आवाज

"आधी मी बोलणार, मग भिंग बोलणार आणि टिकली अजिबात बोलणार नाही!" तळघराचा जिना उतरता उतरता भोंग्याने फर्मान सोडलं.

"मी का नाही?" टिकली फुरंगटली.

"कारण काल तू त्या काकांना विचारलंस, की तुमच्या डोक्यावरचे केस कुठे गेले!"

भिंगला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. ती बारा वर्षांची. दिसेल ते वाचायची, अगदी औषधाच्या खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा, म्हणून सगळे तिला भिंग म्हणत. टिकली तिची धाकटी बहीण आणि भोंगा मावसभाऊ. त्याला भोंगा का म्हणतात, ते त्याच्या शेजारच्या तीन इमारतींना पाठ होतं. सुट्टीत तिघंही धाकट्या मावशीकडे राहायला आली होती आणि त्यांच्यासमोरच मावशीचा लॅपटॉप रुसून बसला होता. कालच तो त्यांनी या तळघरातल्या दुरुस्तीच्या दुकानात आणून दिला होता.

त्या लॅपटॉपमध्ये मावशीचा आवाज होता. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करायची. दोनशे अकरा धडे झाले आणि मग तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन महिने बोलायला बंदी केली. पुढे आवाज पूर्वीसारखा होईलच, असंही ते छातीठोकपणे सांगेनात. तेव्हापासून मावशी वहीत लिहून बोलायची. काल तिने लिहिलं होतं, 'दुसरी प्रत काढायला हवी होती. चूक माझीच.' ते धडे गेले, तर मावशी ते पुन्हा वाचणार कुठल्या आवाजाने?

दुकानात दुरुस्तीवाले काका खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून बोलत होते. "अहो, उंदीरच! महिन्याभरात दहा पेनड्राइव्ह पळवले मेल्याने! पिंजरा लावलाय, पण सापडेल तर शपथ!"

"काका, आम्ही मावशीच्या लॅपटॉपचं..." भोंग्याने सुरुवात केली.

काकांनी न बघताच हाताने 'आत, आत' अशी खूण केली. तिघं मागच्या खोलीत गेली. फळीवर तीन लॅपटॉप ओळीने ठेवले होते. मावशीचा मधला. त्यावर चिठ्ठी डकवली होती. 'चालू होत नाही. डिस्क गेली. जेवून आल्यावर फॉरमॅट.'

"जेवून आल्यावर म्हणजे आजच!" भिंग ओरडली. "फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणार! काका, थांबा!"

पण काका बोलत बोलत बाहेर पडले होते. खट्! दिवे गेले. मग शटर घडघडत खाली आलं आणि कुलूप लागल्याचा आवाज झाला.

"काका! आम्ही आत आहोत!" भोंग्याने सगळी ताकद लावली. तिघांनी धडपडत जाऊन शटर बडवलं, पण दुपारच्या सुट्टीत तळघरातली सगळी दुकानं बंद होती. बाहेरून हूं नाही की चूं नाही.

"दिव्याचं बटण कुठाय?" टिकलीचा आवाज रडकुंडीला आला.

"काकांनी बाहेरच्या मेन स्विचनेच वीज घालवलीय," भिंग म्हणाली. बंद खोली तिला अजिबात सोसत नसे. भिंती जवळ येताहेत असं वाटायला लागलं, तळहात घामाने ओले झाले. तेवढ्यात मागच्या खोलीत चाचपडत गेलेला भोंगा किंचाळला, "आई गं! उंदराने धरलं!"

"उंदराने नाही, पिंजऱ्याने!" त्याचा अंगठा सोडवताना टिकली रडायचं विसरली. भिंगलाही जरा धीर आला.

"उजेड हवा," ती म्हणाली. "लॅपटॉप लावू. निदान पडदा तरी उजळेल."

"बॅटरी किती आहे?"

"मावशीची बॅटरी जुनी आहे. फार तर वीस मिनिटं."

बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, गेलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन पांढऱ्या ओळी उभ्या राहिल्या. भोंग्याने हाताला लागेल ती कळ दाबली. पडदा लुकलुकला आणि त्याच दोन ओळी पुन्हा आल्या.

"बघ, डिस्क गेलीच आहे," तो हिरमुसून म्हणाला.

"ओळींमध्ये तसं कुठे लिहिलंय?" भिंगने नाक पडद्याला लावलं. "इथे लिहिलंय, 'डिस्क किंवा लावलेली दुसरी वस्तू काढा आणि मग कुठलीही कळ दाबा.'"

"काढा? काय काढा? काही लावलेलंच नाहीये!"

"मग तो उगीच सांगेल का? काकांनी हे वाचलेलंच नाही, भोंग्या! पांढऱ्या ओळी दिसल्या की लाव फॉरमॅट!"

ती लॅपटॉपच्या कडांवरून बोट फिरवू लागली. हे चार्जरचं भोक. हे इअरफोनचं. मागच्या कडेला एक चौकोनी खाच रिकामी. शेजारची मात्र बुजलेली! नखाएवढं काहीतरी काळं तिच्यात घट्ट बसलं होतं. काळ्या लॅपटॉपवर ते भर उजेडातही दिसलं नसतं.

भोंग्याची नखं खाऊन संपलेली. भिंगचं बोट घामाने सटकत होतं.

"सरका!" टिकली म्हणाली. तिने नख रुतवलं, जीभ बाहेर काढली आणि खस्सकन ओढलं. तळहातावर चिमुकला पेनड्राइव्ह पडला!

भिंगने कळ दाबली. पडदा काळाच राहिला. मग एक गोल फिरायला लागला, फिरतच राहिला आणि मावशीच्या खिडकीतल्या झाडाचं चित्र समोर उघडलं!

"झाला! झाला सुरू!" भोंग्याने अशी आरोळी ठोकली, की टिकलीने कानात बोटं घातली.

कोपऱ्यात बॅटरीचा आकडा दिसत होता. सात टक्के. भिंगने मावशीचा फोल्डर उघडला. एक, दोन, तीन... दोनशे अकरा! तिचा जीव भांड्यात पडला.

"पण हा पेनड्राइव्ह आला कुठून?" भोंगा म्हणाला. "मावशीकडे असला नाहीच."

पडद्याच्या उजेडात भिंगने बाजूच्या लॅपटॉपांच्या चिठ्ठ्या वाचल्या. "ऐक! 'पंखा साफ केला.' खाली पाच दिवसांनी लिहिलंय, 'चालू होत नाही. फॉरमॅट.' हा दुसराही तसाच! आणि मावशीचा लॅपटॉपसुद्धा मागच्या आठवड्यात पंखा साफ करायलाच आला होता!"

टिकलीची नखं लगेच कामाला लागली. दोन्ही लॅपटॉपांमधून एकेक काळा पेनड्राइव्ह निघाला.

"सापडला उंदीर!" भोंगा खिदळला. "आणि त्याला टक्कल आहे!"

तेवढ्यात ठक, ठक, ठक! शटरवर कुणीतरी वाजवत होतं.

"कोण आहे?" भोंगा गरजला. उत्तर नाही. पुन्हा ठक, ठक, ठक. टिकली भिंगला बिलगली. "भिंगताई, बोलत का नाही कुणी?"

भिंगला एकदम उमगलं. बोलत नाही, कारण बोलता येत नाही! आपण परतलो नाही, म्हणून मावशीच शोधत आली होती! ती लॅपटॉप घेऊन शटरपाशी धावली आणि आवाज मोठ्यात मोठा करून तिने पहिलाच धडा लावला. मावशीचा खणखणीत, हसरा आवाज अंधारात घुमला. "बालमित्रांनो, आज आपण नदीचा प्रवास ऐकणार आहोत..."

बाहेरची ठकठक थांबली. मग शटरखालून वहीचा कागद सरकत आत आला. त्यावर पाण्याचा थेंब पडून शाई पसरली होती. 'घाबरू नका. काकांना जेवणावरून उठवून आणते.' भिंगने ते वाचलं आणि लॅपटॉपची बॅटरी संपली. पण आता अंधाराची तिला मुळीच भीती वाटली नाही.

दहा मिनिटांत शटर वर गेलं. मावशीने तिघांना एकदम कवेत घेतलं. काका घास गिळत उभे होते. "अरे! तुम्ही आत होतात? माझ्या लक्षातच..."

"आमचं जाऊ द्या, काका," भिंगने तीन पेनड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवले. "हे ओळखता का?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चाचणीसाठी मी हे लावतो... चालू होण्यासाठी जे लागतं, ते लॅपटॉपला आधी यातच शोधायला सांगतो... आणि काढायचं..." ते मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे याच्यात काही सापडत नाही, म्हणून बिचारा अडून बसतो! आणि मी चांगल्या लॅपटॉपांची पाटी कोरी करत आलो. बाळांनो, तुम्ही आज मोठं पाप टाळलंत. पुढे आधी वाचीन, मगच हात लावीन." त्यांनी तिथेच वीज चालू करून मावशीला सगळ्या धड्यांची दुसरी प्रत करून दिली.

घरी आल्यावर भोंगा म्हणाला, "मावशी, आता आमचं कौतुक लिही बघू! पानभर हं!"

मावशीने वही उघडली, पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि एकेक धडा उघडून ती काहीतरी शोधायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिघं चुळबुळत बसली. शेवटी तिने मान वर केली, तिघांकडे पाहिलं आणि कळ दाबली.

कुठल्याशा गोष्टीतल्या गुरुजींचं एकच वाक्य तिच्या आवाजात खोलीभर घुमलं.

"शाब्बास रे माझ्या वाघांनो!"