गुरुवारची दाढ

"ऐंशी वर्षं यान चाललंय, आत तीनशे माणसं... आणि एकाचीही दाढ दुखत नाही?"

ही कुरकुर त्याच्या नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर चालली होती. खुर्ची मागे झुकलेली, डोळ्यांवर दिव्याचा झोत, तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी. कुरकुरत होती दातांची डॉक्टर, आणि तीही त्याच्याशी नव्हे, तर नळी धरून उभ्या असलेल्या मावशींशी. तारखा देण्यापासून रडणाऱ्याला धीर देण्यापर्यंत दवाखान्यातलं सगळं मावशींकडे होतं. पुस्तकांशी मात्र त्यांचं देणंघेणं नव्हतं. यानात असेल की एखादा डॉक्टर, असं म्हणून त्यांनी विषय संपवायला पाहिलं.

"आहेत ना. हृदयाचा आहे, मेंदूचा आहे, झाडांचासुद्धा आहे. दातांचा नाही. कादंबरी लिहिणाऱ्याने आयुष्यात दात घासले असतील तर शपथ."

त्याला हसू आलं. तोंडात एवढं सामान असताना हसणं बरं नव्हे... तिचा हात थांबला. तिने पहिल्यांदाच त्याच्या दाढेवरून नजर उचलून डोळ्यांत पाहिलं. मास्कच्या वर दोन डोळे आणि एक चढलेली भुवई, एवढंच काय ते दिसत होतं.

"तुम्हाला पटतंय? एकदा हुं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

त्याने एकदा हुं केलं. झालं, तिथून सुरुवात झाली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वाचन म्हणाल तर यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं. पण दर गुरुवारी त्याची खालची डावी दाढ तिच्या ताब्यात, आणि कान आपोआपच तिच्या पुस्तकांच्या ताब्यात जायला लागले. विज्ञानकथांवर तिचा भारी जीव, आणि जीव असल्यामुळेच राग. परग्रहावरचे लोक नेमके आपल्यासारखेच कसे दिसतात, असं ती कोरणी फिरवता फिरवता विचारायची. उत्तर कोण देणार? मावशी द्यायच्या नाहीत, त्याला देता यायचं नाही.

एकदा तिने जमिनीपासून थेट अंतराळात जाणाऱ्या लिफ्टची कादंबरी डोक्यावर घेतली. काय कल्पना आहे, म्हणाली. त्याने दोनदा हुं केलं. मग न राहवून आणखी दोनदा.

"चारदा म्हणजे काय?" तिने विचारलं. डोळे हसत होते.

पुढचा पेशंट दाराशीच उभा होता. म्हणून त्याने चूळ भरली आणि तारखेच्या जुन्या कार्डामागे उत्तर लिहून मावशींकडे दिलं. इतक्या लांब दोराला आधी स्वतःचंच वजन पेलणार नाही, आणि त्या लिफ्टला ब्रेक कुठे आहे ते कृपया लेखकाला विचारावं. मावशींनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि आत नेऊन दिलं.

पुढच्या गुरुवारपर्यंत त्याने वाचनालयात नाव घातलं होतं. डब्याच्या सुट्टीत, इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत बसून तो तिची पुस्तकं वाचायचा. तिला ते कळायचं नाही असं त्याला वाटत होतं. पण पेशंटच्या उघड्या तोंडातून, पुढच्या प्रकरणात काय होणार ते माहीत असल्यासारखी दोन हुं आधीच निघाली, तर कोणाला कळणार नाही?

मग चंद्रावरचं पुस्तक आलं. ते गोष्टीचं नव्हे, खऱ्या विज्ञानाचं. चंद्र आपल्यापासून दरवर्षी पावणेचार सेंटीमीटर दूर जातो, तिने सांगितलं, आणि हातमोज्यातल्या दोन बोटांनी त्याच्या हनुवटीपाशी अंतर दाखवलं. एवढं.

"वाचून वाईटच वाटलं मला... चंद्राचं कोणी वाईट वाटून घेतं का?"

त्याने एकदा हुं केलं. फार हळू. त्या दिवशी कार्डामागे एकच ओळ होती: 'एवढा दूर गेला तरी समुद्र अजून त्याचंच ऐकतो.'

दाढेचं काम चौथ्या खेपेला संपलं. कॅपही बसली. "पुढच्या गुरुवारी एकदा बघून घेते," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही एकदा बघून घेते म्हणाली. मग कधी तो म्हणायचा, जरा ठणकते. मावशींनी दवाखान्यात बारा वर्षं काढली होती. काम डाव्या दाढेचं झालेलं आणि माणूस हात उजव्या गालाला लावतोय, हे त्यांनी दोन गुरुवार पाहिलं, आणि तारीख लिहून दिली.

आठव्या खेपेला ती एका नायकावर घसरली. बसथांब्यावर एका मुलीला एक वाक्य सांगायचं राहून गेलं, म्हणून गडी चाळीस वर्षं खपून कालयंत्र बांधतो. "अरे, तेव्हाच बोलला असतास तर? बावळट."

कार्डामागे उत्तर आलं: 'बावळट नाही. तेव्हा त्याच्या तोंडात आरसा असेल.'

तिने ते वाचलं आणि एप्रनच्या खिशात ठेवलं.

नवव्या गुरुवारी बाहेर पावसाची भुरभुर होती. आत जाण्याआधी त्याने मावशींना सांगितलं, पुढची तारीख नको. दुसऱ्या शहरात बदली झालीय, उंच इमारतीच्या वीस लिफ्टा बसवायच्या आहेत, दीड वर्ष तरी जाईल. मावशींनी आत जाऊन डॉक्टरला ते सांगितलं तेव्हा ती हात धूत होती. नळ बराच वेळ वाहत राहिला.

आरसा आत गेला, नळी घुरघुरायला लागली, दिव्याचा झोत पडला... आणि शांतता. त्याने प्रश्नार्थक हुं केलं.

"नाही वाचलं काही," ती म्हणाली.

पण मान तिरकी करून पडल्यापडल्या त्याला खिडकीत ठेवलेलं पुस्तक दिसत होतं. अर्ध्यापर्यंत वाचलेलं. खूण म्हणून त्यात एक कार्ड घातलं होतं, कडेने निळं अक्षर डोकावत होतं. बसथांब्याचं उत्तर. त्याचंच.

तिने नजर वळवून तो काय बघतोय ते पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग नेहमीच्या डॉक्टरी आवाजात, इतक्या गुरुवारांत न विचारलेला प्रश्न तिने विचारला.

"दुखतंय का?"

आता एक हुं केलं असतं तर आणखी एक तारीख मिळाली असती. ती नको म्हणून तर आत्ताच सांगून आला होता. तरी क्षणभर मोह झालाच.

त्याने दोनदा हुं केलं.

मावशींनी नळी बंद केली. तिने आरसा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले, मग कानामागची दोरी सोडून मास्क काढला. नाकावर त्याचा वळ होता, आणि हनुवटीवर एक छोटा तीळ, जो त्याने आजवर कधी पाहिलाच नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चौथ्या खेपेलाच बरी झाली होती दाढ. पुढच्या सगळ्या तारखा... त्या मी माझ्यासाठी दिल्या."